काळ्या दैत्याची पाळी

"मंग्या, आपला तालुका तांबडा कोनी केला रं?"

फोनवर बुध्या होता आणि मंगेशच्या तोंडात मेथीच्या भाजीचा घास होता. घास गिळावा की उत्तर द्यावं अशा पेचात सापडलेला शहाणा माणूस घास चघळत राहतो. मंगेश शहाणा होता. पलीकडून बुध्या सांगत होता, की चौकीच्या भिंतीवर नकाशा लावलाय, त्यात सगळा जिल्हा पिवळा-नारिंगी आणि मोखाडा एकटा तांबडालाल, नव्या नवरीच्या कपाळासारखा. बोहाड्याची परवानगी मागायला गाव गेलं तर साहेबानं नुसतं भिंतीकडं बोट केलं. "बोलतो, तुमच्या तालुक्यात पोरं लई मारामाऱ्या करतात, वरून नकाशा आलाय, औंदा सोंगं नाचवायची नाय. मी बोललो, साहेब, माझा चुलतभाऊ ठान्याला नकाशाच्याच हाफिसात हाये, त्याला इचारतो. तुझ्या वळखीचा आसंल तं सांग त्याला, पुसून टाक म्हनावं." मंगेशनं घास गिळला. समोरच्या पडद्यावर तोच नकाशा उघडा होता. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मसुदा. संकलन व रेखाटन' असं लिहून पुढं त्याचंच नाव होतं. "बघतो दादा," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ डब्याचं झाकण उलटं बसवण्याचा प्रयत्न करत राहिला.

ठाण्यातली ती संस्था सरकारसाठी नकाशे करून देई. कुपोषणाचे, विहिरींचे, शाळा सोडलेल्या मुलींचे. आणि दर वर्षी एक बालगुन्हेगारीचा असे: अठराच्या आतल्या किती मुलांना हिंसक गुन्ह्यात पकडलं, तालुक्यावार. 'पकडलं' म्हणायचं नसतं. कायद्यात मुलांना अटक नाही, त्यांना 'ताब्यात घेतात'; आणि ताब्यात घेतलेलं मूल मग मूलही राहत नाही, ते 'विधिसंघर्षग्रस्त बालक' होतं. एवढा शब्द अंगावर पडल्यावर पोरगं पळणार कुठं. आकडे पोलिसांकडून येत, लोकसंख्या जनगणनेतून. मंगेश एकाला दुसऱ्यानं भागे आणि लाखानं गुणे. मोखाड्यात लाख पोरं नाहीत. लाख माणसंही नाहीत. गुरं-कोंबड्या धरल्या तर कदाचित भरतील. पण दर लाखामागंच काढायचा हा जगाचा नियम, आणि त्या भिंगाखाली गेल्या वर्षीची तीन पोरं धरली की वीसेक दिसू लागत. किनाऱ्याकडं, जिथं चाकू निघतात आणि टोळ्यांना नावं असतात, तिथं पोरंही मोप. त्यामुळं तिथलं रक्त भागाकारात विरघळून फिकट नारिंगी होई. मग संगणक लहान ते मोठं अशी रांग लावी, रांगेचे पाच डबे करी, आणि शेवटच्या डब्यात जो सापडेल त्याला तांबडी फाशी. मंगेश फक्त बटण दाबे. बटण दाबणारे सगळे असंच म्हणतात, हे त्याला त्या दुपारी पहिल्यांदा सुचलं.

दुसरी सुचलेली गोष्ट जास्त टोचली. त्याआधी कितीतरी वर्षं मोखाडा पांढरा यायचा. शून्य. तेव्हा त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं, की पांढरा कोणी केला. उलट शेजारच्या टेबलावर पाहण्यांचे अर्ज तपासणाऱ्या रविनाला तो चहाच्या वेळी बोलावून दाखवी, "आमच्याकडं बघ, दूध!" आणि म्हणताना त्याचं बोट आपोआप डाव्या भुवईवर जाई, जिथं केस उगवत नसत आणि कातडी घाईत शिवल्यासारखी आखूड झाली होती. रविनानं एकदा विचारलंही होतं. "लहानपणी पडलो," तो म्हणाला होता. ते खोटं नव्हतं. तो पडलाच होता. फक्त पडण्याआधी कुणीतरी मारलं होतं.

बोहाडा म्हणजे काय, हे ठाण्यात सांगताना तो 'मुखवट्यांचा उत्सव' म्हणे आणि आपण काहीच सांगितलं नाही हे त्याला कळे. होळी उलटली की खोडाळ्यापलीकडच्या त्या पाड्यात संबळ वाजायला लागे. एकेक सोंग येई, नाचे, जाई. देवांची रांग संपता संपता उजाडे, आणि उन्हं झाडांवरून खाली उतरली की सगळ्यांत शेवटी काळा दैत्य. पुराणात त्याचा कुठं पत्ता नाही. देव सगळ्या गावांना सारखेच मिळतात. दैत्य ज्यानं त्यानं आपला करायचा असतो. हा पाड्यानं स्वतः कोरलेला होता, माणसाच्या खांद्याएवढा रुंद, काजळ-तेल पिऊन पिऊन चकाकणारा. त्याच्या बटबटीत डोळ्यांना भोकं नव्हती. आतल्या माणसानं जबड्याच्या फटीतून बघायचं. हातात लाकडी तलवार. समोर गावातली पोरं, त्यांच्याही हातात लाकडीच. तिसऱ्या वाराला दैत्यानं पडायचं, की वर्षभराची पीडा टळली. या झटापटीत दैत्याच्या हातून कुणाचं रक्त निघालं तर त्याला मारामारी म्हणत नसत, कारण हात माणसाचा नव्हता. पण रक्त फुकटही जात नसे. ज्याचं रक्त, त्याचं सोंग. पुढल्या वर्षी मुखवटा जखमी माणसाच्या डोक्यावर चढे, आणि मारणाऱ्यानं उघड्या तोंडानं त्याच्यासमोर उभं राहायचं. सगळ्या गावासमोर, उजेडात. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव कुणी काढत नसे.

मंगेश सातवीत होता आणि त्या वर्षी मुखवट्यात बुध्या होता. बुध्या तेव्हा तोतरं बोलायचा. आदल्या दिवशी ओढ्यावर मंगेशनं त्याची नक्कल केली होती. मंगेशला नकला छान जमत, आणि पोरी पाण्यात बसून हसल्या होत्या, त्यात पोशीही होती, जी पुढं बुध्याचीच बायको झाली. दुसऱ्या दिवशी उन्हात काळा जबडा वळला. मंगेशला आठवे ते एवढंच: जबडा वळला आणि क्षणभर थांबला. मग डाव्या डोळ्यात गरम, मिठासारखं काहीतरी, आणि त्यातून दिसणारा संबळवाला तांबडा, झाडं तांबडी, आई तांबडी. आईनं जखमेत मूठभर हळद दाबली आणि म्हणाली, "दैत्याला काय दिसतं रं बाबा." सगळेच तसं म्हणाले. तोही म्हणाला. पण ते थांबणं त्याच्या डोक्यात कुठल्यातरी खणात राहून गेलं. पुढल्या वर्षी त्याची पाळी होती, तेव्हा तो जव्हारच्या आश्रमशाळेत होता. त्याच्या पुढल्या वर्षी परीक्षा. मग ठाणं, नोकरी, लग्न, हप्ते. न जाणं म्हणजेच माफ करणं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. बसभाड्यापेक्षा माफी स्वस्त पडते.

आणि गेल्या वर्षी तेच. मुखवट्यात बुध्याचा पोरगा कमलेश, सोळा वर्षांचा. समोर सलमान, जव्हारच्या नूरमोहम्मद शिंप्याचा नातू. सोंगांचे झगे नूरमोहम्मदच्या घराण्यातच शिवले जात. गाठोडं घेऊन नातू दरवर्षी येई आणि झटापटीत हौसेनं उतरे. कमलेशची तलवार त्याच्या कपाळावर बसली. टाके घालायला नेलं तिथं डॉक्टर नवा होता. त्यानं नियमाप्रमाणं चौकीला कळवलं. चौकीनं नियमाप्रमाणं तलवारवाला, मशालवाला आणि संबळवाल्याच्या जागी तेव्हा वाजवायला बसलेला, अशी तीन पोरं ताब्यात घेतली, पंचनाम्यात 'लाकडी धारदार तलवार' असं लिहिलं, आणि मुखवटा जप्त केला. पोरं आठवड्याभरात घरी आली. दैत्य अजून आत होता. कुणाचं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं काम केलं, मंगेशनं शेवटचं: त्यानं बटण दाबलं. आणि आता चौकी म्हणत होती, तालुका तांबडा आहे म्हणून सोंग नाही. तालुका सोंगामुळंच तांबडा झालाय, हे भिंतीवरच्या नकाशात कुठून दिसणार?

संस्थेतल्या साहेबांना त्यानं हे सांगितलं तेव्हा साहेब खूश झाले. "अरे, हाच तर निष्कर्ष! दुर्गम भागातली वाढती हिंसा. वेगळं प्रकरण लिहू." मंगेश म्हणाला, "तीन पोरं आहेत साहेब." "दर बघ ना, दर!" मंगेशनं दर पाहिला. तोच होता. त्यानं रजेचा अर्ज दिला आणि कारण लिहिलं, 'गावी दैत्य अडकला आहे'. साहेबांनी न वाचताच सही केली.

जव्हारला एसटीतून उतरून तो नूरमोहम्मदच्या दुकानात गेला, कारण पाड्यावर जायचा धीर अजून होत नव्हता. म्हातारा शिवणयंत्रावर काळा झगा शिवत होता. परवानगी नाही, मुखवटा नाही, तरी झगा चालू होता. "चौकीत मीही गेलो होतो बेटा," तो दोरा दातानं तोडत म्हणाला. "म्हटलं, साहेब, मार आमच्या पोराला लागला, आमची तक्रार नाही. ते म्हणाले, चाचा, तक्रार आता सरकारची आहे. म्हटलं, सरकारला कुठं लागलं?" मागं कपड्यांच्या गठ्ठ्यावर सलमान बसला होता. त्याच्या कपाळावरचा व्रण अजून गुलाबी होता आणि मंगेशला तो बघताना आरशात बघितल्यासारखं झालं, आरसा मात्र फार जुना. "काका, ते नकाशाचं मला कळत नाही," सलमान म्हणाला. "माझी पाळी आहे. दैत्य सोडवा." "आणि नाही सुटला तर?" सलमाननं आजोबांकडं पाहिलं, आजोबांनी सुईकडं. "स्टँडवरचे दोस्त म्हणतात, डोंगरातल्या पोरानं फोडलं आणि तू झगे कसले शिवतोस? गाड्या काढू, वर जाऊन बघून घेऊ. मी त्यांना सांगितलंय, बोहाड्यापर्यंत थांबा, तिथं माझा हिशोब आहे. बोहाडाच नाही झाला तर काय सांगू?" त्यानं हे धमकीसारखं सांगितलं नाही. भाव विचारावा तसं विचारलं. मंगेशला दिसला तो पुढल्या वर्षीचा नकाशा: मोखाडा तांबडा, जव्हार तांबडा, आणि या खेपेला खरोखरीचा. आज जव्हार नकाशात शुभ्र पांढरा होता. स्टँडमागं गेल्या दिवाळीत पोरांची डोकी फुटली होती ते भांडण याच दुकानात, याच बाकावर, चहावर मिटलं होतं, हे म्हाताऱ्यानंच मग हसत हसत सांगितलं. मंगेश हसला नाही. पांढरा रंगही कुणीतरी बसून तयार करावा लागतो, आणि तो फारच नाजूक माल आहे, असं त्याला वाटलं.

बुध्या अंगणात नागलीचं बी निवडत बसला होता. मंगेशला बघून तो उठला नाही, नुसतं सूप बाजूला केलं. तोतरेपणा कधीच गेला होता. आता तो गावाच्या वतीनं बोलायचा. "पुसलास का?" "पुसता येत नाही दादा." "मग पांढरा तरी कर. आधी व्हताच ना?" पोशी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "त्याला नकाशाचं काय इचारता? इतक्या वर्सांत त्याला घरचा रस्ता सापडला नाय." कमलेश दारात उभा होता, मान खाली. वर्षभर तो खालच्या बाजारालाही गेला नव्हता. मंगेशला त्याला विचारायचं होतं, तुला दिसत होतं का रे. विचारलं नाही. त्याऐवजी त्यानं बुध्याला विचारलं, की मुखवटा परत का नाही मागितला. "मागितला तं! साहेब बोलले, मालक कोन? मी बोललो, मालक कोनीच नाय. ज्याची पाळी त्याचा. त्यांनी लिहिलं, मालक अज्ञात. बोलले, अज्ञात मानसाला वस्तू देता येत नाय." खोटं बोलून 'माझा' म्हणाला असता तर दैत्य त्याच दिवशी घरी आला असता, पण मुखवटा माझा असं म्हणणारा माणूस त्या पाड्यात अजून जन्मला नव्हता. "आत्ता पाळी कोणाची?" मंगेशनं विचारलं. "सलमानची." "तो लहान आहे, त्याला देणार नाहीत. त्याच्या आधीची?" बुध्यानं सूप पुन्हा पुढं ओढलं. उत्तर पोशीनं दिलं. "त्याच्या आधीची तुझी. दरसाल दैत्य उठवायच्या आधी संबळवाला तीनदा वरडतो, मंग्या आला काय? मंग्या आला काय? कोनी बोलत नाय, मग दुसऱ्याला उसना देत्यात. तीस वर्सं उसनाच नाचतोय तो. कमलेशनं घातला तोबी तुझाच."

मंगेशच्या भुवईखाली काहीतरी ताणलं गेलं. आपण माफ केलं असं समजून तो ठाण्यात पंख्याखाली बसला होता, आणि इथं दर वर्षी त्याचं नाव डोंगरावर आपटून परत येत होतं. प्रत्येक वर्षी बुध्या ते ऐकत असणार. मारणाऱ्यानं उघड्या तोंडानं उभं राहायचं असतं. बुध्या तीस वर्षं उभाच होता, समोर कोणी नव्हतं इतकंच. परतीच्या जीपमध्ये पोशेरा गावच्या वळणावर मंगेशनं ठरवलं.

आधी नकाशा. त्यानं नियम साधा केला: जिथं आकडा एवढा लहान, की दोन पोरं इकडची तिकडं झाली तर रंग बदलेल, तिथं रंगच द्यायचा नाही, आडव्या रेघा मारायच्या. मोखाडा रेघांचा झाला. साहेबांनी चष्मा वर केला. "तुझा तालुका म्हणून?" हा प्रश्न मंगेशला आधीपासूनच बोचत होता, म्हणून त्यानं तोच नियम सगळ्या जिल्ह्याला लावून ठेवला होता. त्यात जव्हारचा पांढराही गेला. "अरे, जव्हारचा आदर्श तालुका म्हणून सत्कार ठरलाय!" साहेब कळवळले. "रेघांचा सत्कार कसा करायचा?" "अटकेचा दर पोरांपेक्षा रस्त्याचा जास्त असतो साहेब. रस्ता कुठवर जातो, डॉक्टर नवा की जुना, कुणाच्या दुकानात चहा मिळतो." "हे लिहिणार कुठं?" "रेघांच्या खाली." साहेब म्हणाले, मग त्या पानावर नाव तुझंच राहील, माझं नाही. मंगेश म्हणाला, राहू द्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं नाव कुठंतरी राहावंसं वाटत होतं. जुना मसुदा रद्द झाल्याचं पत्र त्यानं त्याच दिवशी चौकीला पाठवलं.

मग बाल न्याय मंडळ. न्यायाधीश बाईंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्म्यावरून पाहिलं. "मुखवटा तुमचा?" "हो." "विकत घेतला?" "नाही." "वारसानं?" "नाही." "मग?" मंगेश पुढं वाकला आणि भुवई दाखवली. "असा." बाईंनी लेखनिकाला थांबायची खूण केली. त्यानं सगळं सांगितलं, ओढ्यावरच्या नकलेसकट. थांबलेल्या जबड्याचं तेवढं सांगितलं नाही. "साक्षीदार?" दारात पाडा उभा होता, बुध्या, पोशी, संबळवाला, आणि इस्त्रीचा सदरा घातलेला नूरमोहम्मद. "दरसाल आवाज देतो बाई," संबळवाला म्हणाला, "औंदा वाचला घसा." बाई हसल्या नाहीत, पण हसू दाबायला त्यांना पाणी प्यावं लागलं. मुखवटा मंगेशच्या नावानं सुपुर्दनाम्यावर मिळाला: मागेल तेव्हा हजर करायचा, आणि त्यानं पुन्हा कुणाला इजा झाली तर जबाबदार तो. "इजा होणार नाही याची खात्री देता?" मंगेशला 'दैत्याला काय दिसतं' हे वाक्य जिभेवर आलेलं जाणवलं. त्यानं ते गिळलं. "देतो," म्हणाला. जप्तीच्या खोलीतून दैत्य बाहेर आला तेव्हा त्याच्या शिंगाला क्रमांकाची चिठ्ठी लोंबत होती, आणि मंगेशला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. आकडा लावून घेतलेल्यांपैकी तोही एक.

चौकीनं परवानगी दिली, सोबत एक तरुण शिपाई दिला आणि त्याला भरायला एक छापील कागद दिला. उन्हं झाडांवरून उतरली. "मंग्या आला काय?" संबळवाला ओरडला, आणि दुसऱ्यांदा ओरडायच्या आतच कुणीतरी "आला! आला! डबा घेऊन आला!" असं किंचाळलं, सगळं गाव हसलं, आणि त्या हसण्यातच नूरमोहम्मदनं त्याच्या अंगावर काळा झगा चढवला. "सलमानच्या मापाचा आहे," तो पुटपुटला, "पोट आत घे." मग वरून मुखवटा आला आणि जग विझलं. आत तेलाचा, जुन्या घामाचा, कितीतरी माणसांच्या श्वासांचा वास होता. त्यातला एखादा बुध्याचा असणार. स्वतःचाच श्वास नाकावर परत येत होता. संबळ कानात नाही, दातांत वाजत होतं. जबड्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येत होती, आणि मंगेशनं मान सरळ केली तेव्हा त्याला कळलं. त्या फटीतून सगळं दिसत नाही. आजूबाजूचं गाव दिसत नाही, डोंगर दिसत नाही. पण समोर सातवीतलं पोर उभं असतं, तर त्याचं कपाळ त्या फटीत नेमकं, चौकटीत बसवल्यासारखं दिसलं असतं. इतकं स्वच्छ त्याला चष्म्यातूनही दिसत नसे.

बुध्या समोर आला, उघड्या तोंडाचा. त्यानं एक वार केला, मंगेशनं अडवला. दुसरा वार केला, दैत्य डगमगला. तिसरा वार त्यानं केलाच नाही. तलवार खाली सोडली, डोक्यावरची टोपी काढली, आणि मान किंचित पुढं झुकवली. वयानं पांढरी झालेली त्याची भुवई फटीत येऊन थांबली. संबळवाला गोंधळला, पण वाजवत राहिला. बुध्याचे ओठ हलले. "हा… हा… हान," तो म्हणाला. तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज ओढ्यावरून वाहत आल्यासारखा आत आला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. मंगेशचा हात वर होता. तो कधी वर गेला हे त्याला कळलं नव्हतं. खांद्यापासून बोटांपर्यंत त्या हाताला नेमकं ठाऊक होतं कुठं उतरायचं, आणि हात दैत्याचा नव्हता, पक्का त्याचाच होता. ठाण्यात दिवसभर बटण दाबणारा. तो थांबला. थांबणं किती वेळाचं असतं, आणि त्यात किती मावतं, हे त्याला आता आतून दिसत होतं. हे कुठल्याही नकाशात येणार नव्हतं. त्यानं हात खाली आणला, सावकाश, आणि आपली तलवार बुध्याच्या लोंबत्या तलवारीवर टेकवली. टक्. "दादा, तिसरा राहिलाय," तो जबड्यातून म्हणाला. "घाई कर, झगा तंग आहे."

बुध्यानं मारला. मंगेश पडला, अगदी मनापासून पडला, आणि तोंडात माती गेली. मुखवटा उचलला गेला, झगा ओढला गेला, आणि तो डोळे पुसून बसेपर्यंत दैत्य पुन्हा उभा होता, उंचीनं कमी. समोर कमलेश होता, वर्षभरानं मान वर केलेला. जव्हारच्या स्टँडवरचे सलमानचे दोस्त कठड्यावर ओळीनं बसले होते, हात मांडीखाली दाबून. मंगेशला शिंगावरची चिठ्ठी दिसली. काढायची राहिली होती. पहिला वार. दुसरा. आणि काळा जबडा कमलेशच्या कपाळाकडं वळून थांबला. त्या फटीत कपाळ येऊन हात वर राहतो तेव्हा काय दिसतं हे त्या मैदानात फक्त चार माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या दोघांनी, मंगेशनं आणि शेजारी येऊन टेकलेल्या बुध्यानं, जमिनीवर बसल्या बसल्या एकमेकांचा हात कधी धरला हे त्यांनाही कळलं नाही. संबळ थांबलं नव्हतं. सलमाननं तलवार हवेत गरागरा फिरवली आणि कमलेशच्या पायाशी, धुळीत, खस्सकन खुपसली. कमलेशनं तिसरा वार केला, खांद्यावर, हलका. दैत्य पडेना. पुन्हा केला. पडेना. "अरे, पड की!" नूरमोहम्मद गर्दीतून ओरडला. "नवा झगा म्हणून उभा आहेस काय? मी धुऊन देईन!" तेव्हा कुठं दैत्यानं झगा दोन्ही हातांनी वर उचलला, मागं वळून जागा पाहिली, आणि नीट, एका कुशीवर आडवा झाला. कठड्यावरचे दोस्त शिट्ट्या मारायला लागले. कमलेश त्याला उठवायला वाकला.

"तुझ्या त्या नकाशात आता कंचा रंग?" बुध्यानं विचारलं, एकही अक्षर न अडखळता.

"रंग नाही. रेघा."

"रेघा म्हंजे?"

"म्हणजे लांबून सांगता येत नाही. येऊन बघा."

शिपाई मंगेशकडं आला आणि कागद गुडघ्यावर ठेवून बसला. सुपुर्दनामा त्याच्या नावचा होता. "अनुचित प्रकार, निरंक," त्यानं मोठ्यानं म्हणत लिहिलं. "इजा?"

मंगेशचं बोट भुवईवर गेलं. "एक आहे. जुनी."

"जुनी धरत नाहीत. रकाना नाही."

"माहीत आहे," मंगेश तोंडातली माती थुंकत म्हणाला. "रकाने मीच आखतो. द्या इकडं."